शेजारच्या सीटचा ब्रेक

१

सोमवारी सकाळी साडेदहाला बँकेच्या खिडकीतला कारकून माझ्या बहिणीला म्हणाला, "कुठले पैसे, आजी? तुमच्या खात्यात काहीच आलेलं नाही." आणि तोवर तिची गाडी जाऊन पुरता एक दिवस झाला होता.

ताई तिथून तडक माझ्याकडे आली. मी शिंपी आहे, दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. एका कोटाची बाही उसवत बसलो होतो. ताई स्टुलावर टेकली आणि म्हणाली, "गाडी गेली रे."

"विकलीस म्हणजे जाणारच की," मी म्हणालो. माझी जीभ ही अशी. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि कात्री खाली ठेवली.

ताईने चौतीस वर्षं बायकांना गाडी चालवायला शिकवली. तिची गाडी शिकवायचीच होती, म्हणजे चालवणारीच्या पायाशी जसे ब्रेक आणि क्लच तसेच शेजारच्या सीटपुढेही. शिकणारी गांगरली की ताई शेजारून आपल्या पायाने ब्रेक दाबायची, म्हणून सगळे तिला ब्रेकताई म्हणतात. दोन महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं, आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही. त्यावर ती आठ दिवस कुणाशी बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "विकायची. उभी राहून गंजलेली मला बघवणार नाही." मग मोबाईलवर जाहिरात दिली, गिऱ्हाईक आलं, पैसे जमा झाल्याचा मेसेज आला, गाडी गेली. पैसे मात्र आलेच नव्हते.

भिंतींना कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला बायकोचेच आहेत. ती हात पुसत आतून बाहेर आली. एकतीस वर्षं बँकेत कॅशियर होती, निवृत्त झाली तरी घरीदारी तिचं नाव कॅशियरबाईच.

"वन्सं, तो मेसेज दाखवा." तिने चष्मा लावून वाचला. "पैसे आले असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"फोनने."

"फोन काय, कुणीही काहीही पाठवतं. पैसे आले की नाही ते खातं सांगतं. स्वतः खातं उघडून बघायचं, नाहीतर बँकेत विचारायचं, मगच किल्ली हातातून सोडायची. माझा घसा कोरडा पडला होता सांगून सांगून!"

"रविवार होता. बँक बंद होती."

"मग गाडीही सोमवारपर्यंत बंद ठेवायची." बोलता बोलता तिने मेसेज पुन्हा वाचला. "शेवटचे आकडे चार, चार, एक, सात. अहो वन्सं, हे तुमच्या शाळेचं जुनं खातं. सहा वर्षांपूर्वी मी स्वतः बंद केलंय ते!"

"मी कुणालाच नंबर दिला नव्हता," ताई म्हणाली. "ना नवा, ना जुना. तुझी शपथ."

"मग हा त्याच्या हाती लागला कुठून?"

मी चपला पायात सरकवल्या. "ते पोलीस बघतील. चला."

ताईने माझं मनगट धरलं. सत्तरी ओलांडलेली बाई, पण पकड ब्रेकचीच. "पोलिसात गेलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

२

गाडी गेली, पैसे बुडाले आणि ही पोलिसांना नको म्हणते! मला वाटलं, डोळ्यांबरोबर डोकंही गेलं. तसं बोलूनही दाखवलं.

"त्या मुलीला धरतील ते," ताई म्हणाली. "गाडी घेऊन गेली ना, तिला. आणि मग मला कधीच कळणार नाही."

"काय कळणार नाही?"

ती माझ्याकडे न बघता बोलली. "गाडी सुरू करायच्या आधी तिने क्लच तीनदा नुसताच दाबला. आणि स्वतःशीच म्हणाली, 'पाय जागे झाले.'"

मी चपला काढल्या आणि पुन्हा खाली बसलो.

तुम्हाला सांगायला हवं. ताईची शाळा एकटीची नव्हती. बरोबर एक मैत्रीण होती, ताईहून सात वर्षांनी लहान. एक ब्रेकताई म्हटल्यावर दुसरीला लोकांनी क्लचताई करून टाकलं. ताई खडूस, ही खुशालचेंडू. ताई शिकणारीला म्हणायची, "झोपा काढायला आलीयस का?" आणि क्लचताई म्हणायची, "अगं, आधी पाय जागे कर. तीनदा दाब. हां, आता चल." त्या तीनदा दाबण्यावरून ताई कायम चिडायची. क्लच झिजतो म्हणे. बारा वर्षं दोघी एका घरात राहिल्या, एका ताटात जेवल्या, एकमेकींना टोचून बोलल्या. ताईला आमच्यापैकी कुणीही तेवढं हसवलेलं नाही.

बावीस वर्षांपूर्वी क्लचताई शेजारी बसलेली असताना हीच गाडी भिंतीवर गेली. शिकणाऱ्या बाईचा हात मोडला. क्लचताई पांढरीफटक पडून म्हणत राहिली, "मी ब्रेक दाबला होता. लागलाच नाही." आणि शाळेच्या अंगणात, दहा-बारा जणींच्या देखत, ताई म्हणाली, "दाबला असतास तर लागला असता. खोटं बोलू नकोस."

त्याच दुपारी ती एक पिशवी घेऊन निघून गेली. पत्ता ठेवला नाही.

"बाकीचं मी कुणाला सांगितलेलं नाही," ताई म्हणाली. तिने पदराने तोंड टिपलं. "तीन महिन्यांनी मिस्त्रीने शेजारचा ब्रेक उघडला. आतली पिन झिजून तुटली होती. तिने दाबला असणार रे, पूर्ण ताकदीने दाबला असणार, आणि तो पोकळ गेला असणार. ती पिन बदला असं मिस्त्री मला वर्षभर सांगत होता. मीच म्हणायची, पुढच्या महिन्यात."

कोपऱ्यातला पंखा कुरकुरत होता. बायकोने ताईपुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"दोन पत्रं पाठवली. दोन्ही परत आली. तिसरं टाकलंच नाही." ती माझ्यावर खेकसली, जणू मीच ते टाकलं नव्हतं. "ती मुलगी पंचविशीची आहे. क्लच गेली तेव्हा ही तीन वर्षांची असेल. म्हणजे तिला क्लचने नंतर शिकवलं. म्हणजे क्लच कुठेतरी आहे. मला पैसे नकोत, गाडी नको. मला ती मुलगी हवी."

कॅशियरबाईंनी दाराची कडी लावली आणि ताईसमोर पाट ओढून बसल्या. "वन्सं, रविवार पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

३

"गिऱ्हाईक म्हणजे एक माणूस होता. तो मेसेजच पाठवायचा."

"फोन एकदाही नाही?"

"नाही. म्हणायचा, कामावर आहे, बोलता येत नाही. मी सांगितलेली किंमत एका फटक्यात मान्य केली."

"हं. पुढे."

"म्हणाला, गाडी बहिणीला भेट द्यायचीय. ती बघायला येईल, पण तिच्यापाशी किमतीचा विषय काढू नका, तिला ओशाळल्यासारखं होईल. मला आपलं बरं वाटलं. भाऊ असावा तर असा." इथे तिने माझ्याकडे पाहिलं. मी दोऱ्याचं रीळ शोधू लागलो.

"मुलगी आली. मग?"

"गाडीभोवती फिरली. खाली वाकून पाहिलं. डिकी उघडली, आतला गालिचा उचलला, बराच वेळ बघत राहिली. काहीतरी नव्हतं बहुतेक तिथे, तिला हवं असलेलं. पण बोलली नाही."

"किमतीत घासाघीस?"

"शब्द नाही."

"म्हणजे घासाघीस तिने आधीच कुठेतरी करून टाकलेली," कॅशियरबाई म्हणाल्या. "बाई माणूस, जुनी गाडी, आणि एक पैसाही कमी करून मागत नाही? मी एकतीस वर्षांत असं माणूस पाहिलेलं नाही."

"मग आम्ही चक्कर मारली. मी शेजारच्या सीटवर. तिने क्लच तीनदा दाबला आणि..." ताईचा आवाज चिरकला. "मी विचारलं, कुणी शिकवलं? म्हणाली, मावशीने. आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मला पुढचं काही धड आठवत नाही. परत आलो, तिने बाजूला जाऊन कुणाला तरी फोन केला, दहा मिनिटांनी माझ्या फोनवर मेसेज वाजला. मी आकडा पाहिला, बास. मी कागद दिले, किल्ली दिली. तिने मागितलं असतं तर घरही दिलं असतं."

तर हे असं झालं होतं. लोक लोभाने फसतात, भीतीने फसतात. आमची ताई क्लचमुळे फसली.

"निघताना काही म्हणाली?"

ताई घुटमळली. मग हळूच म्हणाली, "म्हणाली, 'तुमच्या भाच्याला माझे आभार सांगा. फार गोड बोलतात.'"

ताईला भाचा एकच आहे. तो माझा मुलगा.

४

आमचे चिरंजीव तिशीचे आहेत आणि तीन धंदे करून तीनही बुडवून बसलेत. जाहिरात त्यानेच टाकून दिली होती. आत्याच्या फोनवर नवं खातं त्यानेच बसवून दिलं होतं. बाप असलो म्हणून काय झालं, माझा पहिला संशय त्याच्यावरच गेला. त्याला समोर बसवलं आणि विचारलं, "खरं सांग, ही तुझीच करामत ना?"

तो ओरडला नाही. आईकडे बघून म्हणाला, "आई, तुलाही असंच वाटतं?"

"मला काही वाटत नाही. मी विचारते," कॅशियरबाई म्हणाल्या. "आत्याचा कुठला खाते नंबर तुझ्याकडे आहे?"

"नवा. जुनं खातं होतं हेच मला ठाऊक नाही."

"बरं. ऊठ आणि त्या जाहिरातीचा फोटो घेऊन शोध. तोच फोटो आणखी कुठे लागलाय का ते बघ."

तो ताडकन उठून आत गेला. दार मात्र आपटलं. आपटणारच.

आम्ही मिस्त्रीकडे गेलो. बरीच वर्षं ताईची गाडी त्याच्याच हाताखालून गेली, आणि शाळेच्या जुन्या खात्याचे चेकही त्यालाच मिळायचे. शिवाय महिन्यापूर्वी तो ताईला म्हणाला होता, "भंगाराच्या भावात मला द्या." माझा संशय लगेच पोरावरून उडून त्याच्यावर बसला.

"हो, मागितली होती," मिस्त्री ग्रीसचे हात फडक्याला पुसत म्हणाला. "तिच्या इंजिनात जीव आहे. चार वर्षांपूर्वी गॅस किट मीच काढलं ना, तेव्हापासून पेट्रोलवर लोण्यासारखी चालते."

"किट काढल्याची नोंद कागदांवर केली?" बायकोने विचारलं.

"ते ब्रेकताईंना विचारा. मी पान्हे चालवतो, पेन नाही."

ताईने कपाळाला हात लावला. "राहून गेलं. कागदांवर अजून गॅस किट आहेच."

परतताना कॅशियरबाई झेरॉक्सच्या दुकानात थांबल्या. झेरॉक्सवाला आमच्या पोराचा वर्गमित्र, लहानपणी आमच्याच घरात पडीक असायचा. "आत्या, बसा ना!" त्याने खुर्ची पुढे केली. "गाडी गेली का? वा! मीच तर सगळ्या फाईलच्या प्रती काढून दिल्या होत्या. हाताला यश आहे माझ्या!" आम्हाला पाणी दिलं, ताईच्या गुडघ्यांची चौकशी केली. दुकानात आमच्याशिवाय गिऱ्हाईक नव्हतं. यंत्रावर धूळ होती. गुणी पोरगा, मी मनात म्हटलं, आमच्या दिवट्याने याच्याकडून शिकावं.

"त्या फाईलमध्ये काय काय होतं, वन्सं?" बाहेर आल्यावर बायकोने विचारलं.

"असेल नसेल ते सगळं. जुना विमा, जुन्या कर्जाचे कागद, रद्द केलेला एक चेक."

घरी पोहोचलो तेव्हा चिरंजीव दारात उभा होता. त्याने फोन आमच्यापुढे धरला. ताईच्याच गाडीचा फोटो, पण जाहिरात दुसरीच. किंमत ताईच्या किमतीच्या निम्मी, आणि खाली लिहिलेलं: "आत्याची गाडी. शिकवण्याची. गॅस किटसह."

"निम्म्या किमतीत कोण विकतं रे?" मी म्हणालो.

"ज्याची गाडीच नाही, तो," बायको म्हणाली आणि अडीच तासांत पहिल्यांदा हसली.

त्याच वेळी बाहेर हॉर्न वाजला. ताईचे डोळे अधू असतील, कान नाहीत. ती स्टूल पाडून उठली.

तिची गाडी दारात उभी होती.

५

मुलगी तावातावाने खाली उतरली. बारीक चण, केस घट्ट बांधलेले, हातात कागदांची फाईल. "तुमच्या भाच्याचा फोन कालपासून बंद, तुमच्या घराला कुलूप! शेजारणीने इथे पाठवलं. मालकीच्या कागदावर एका ठिकाणी तुमची सही राहिलीय. गॅस किट आहे म्हणून सांगितलं, ते नाही. तुमच्याकडे बघून मी गप्प बसले होते, पण मी पूर्ण पैसे मोजलेत या गाडीचे!"

"मला दमडीसुद्धा मिळालेली नाही," ताई म्हणाली. पण ते ती अशा आवाजात म्हणाली, जसं कुणी पावणेबारा वाजल्याचं सांगावं. तिचं लक्ष भलतीकडेच होतं. "ती कशी आहे?"

मुलगी गोंधळली. "कोण?"

"तुझी मावशी."

मुलीचा राग एकदम उतरला. तिने ओठ चावला. "तिने सांगितलं होतं, काही बोलायचं नाही. नुसती गाडी घेऊन यायची."

"आहे ना पण? आहे ना ती?"

"आहे," मुलगी हळूच म्हणाली. "आमची शाळा आहे गाडीची. मावशीचीच. मी तिच्याकडे शिकले आणि आता मीच शिकवते. गुडघ्यांनी संप पुकारलाय म्हणून ती बसून असते. मी तिला जाहिरात दाखवली. ती फोटो कितीतरी वेळ बघत बसली. मग म्हणाली, हीच घ्यायची. दुसरी कुठलीही नको."

ताई गाडीला धरून उभी राहिली. मी तिला स्टूल आणून दिलं आणि एकदाचं तोंड बंद ठेवलं.

कॅशियरबाईंनी मुलीला आत बसवलं. "बाळ, त्या भाच्याशी तू फोनवर बोललीस ना?"

"कितीदा तरी. म्हणाला, आत्याचा गाडीत फार जीव आहे, तिच्यापुढे पैशांचं नाव काढलंत तर रडायला लागते. व्यवहार माझ्याशीच करा. गाडी आवडली की मला फोन करा, पैसे माझ्या खात्यात टाका. मी तसंच केलं."

"आणि इकडे वन्संना सांगितलं, बहिणीपुढे पैशांचं नाव काढू नका. दोघींना एकमेकींशी बोलू द्यायचं नाही, एवढंच त्याचं भांडवल. दोघींपैकी एकीने जरी विचारलं असतं, 'बाई, कितीला ठरलंय तुमचं?', तर तिथल्या तिथे पितळ उघडं पडलं असतं."

"दोघींनी तोंड मिटलं की असंच होतं," ताई पुटपुटली.

मी पोराला दंडाला धरून पुढे ओढलं. "हा बघ. हाच का तो आवाज? बोल रे काहीतरी!"

"काय बोलू?" पोरगा म्हणाला. "बापाचा विश्वास नाही, हे बोलू?"

मुलीने मान हलवली. "छे. हा नव्हे. तो मधासारखा बोलतो."

मी पोराचा दंड सोडला. सॉरी म्हणायला हवं होतं. तेवढ्यात बायकोने पिशवी उचलली.

"चला," ती म्हणाली, "त्या जाहिरातीच्या दोन प्रती काढायच्यात."

६

झेरॉक्सवाल्याने खुर्ची पुढे केली. या खेपेला कुणी बसलं नाही. मुलीला आम्ही दाराच्या आड उभं केलं होतं. कॅशियरबाईंनी पोराच्या फोनवरची ती जाहिरात काउंटरवर ठेवली.

"या माणसाबद्दल तीन गोष्टी सांगते," ती म्हणाली. आवाज तोच, खिडकीतून फाटक्या नोटा परत करताना असायचा तो. "एक. गाडी घेणारीशी हा तासन् तास बोलला आणि वन्संशी एक शब्दही नाही. नुसते मेसेज. का? तर वन्संनी आवाज ओळखला असता. म्हणजे माणूस ओळखीचा."

"हो का, काकू?" झेरॉक्सवाला म्हणाला.

"दोन. खोट्या मेसेजमध्ये त्याने बंद खात्याचे आकडे घातले. नवं खातं त्याला माहीत नव्हतं, म्हणून माझा मुलगा यातून सुटला. जुने आकडे दोन ठिकाणी होते. मिस्त्रीला मिळालेल्या चेकांवर, आणि गाडीच्या फाईलमधल्या रद्द चेकवर."

"मग मिस्त्रीच असेल."

"तीन. त्याने जाहिरातीत लिहिलं, गॅस किटसह. किट चार वर्षांपूर्वी निघालंय, आणि काढलंय मिस्त्रीनेच. तो असं कशाला लिहील? जो त्या गाडीत एकदा जरी बसला असेल, डिकी उघडून बघितली असेल, त्याला किट नाही हे कळेल. ज्याने गाडी बघितलीच नाही, फक्त तिचे कागद बघितले, तोच हे लिहील. कागद वन्संनी एकाच माणसाच्या हातात दिले होते." तिने चष्मा काढला. "बोल आता."

तो हसला. बरा हसला, पण गोड बोलायला गेला आणि तिथेच फसला. "काकू, काहीतरीच काय! आत्या, तुम्ही तरी सांगा ना यांना. मी असं करीन का?"

दाराआडून मुलगी पुढे आली. "हाच," ती म्हणाली. "हाच आवाज."

तो खुर्चीत बसला. ताईसाठी पुढे केलेल्या त्याच खुर्चीत. तिथूनच म्हणाला, "आता कागद कोण काढतं, आत्या? सगळे फोनवरच दाखवतात. दुकानाचं भाडं थकलं. मी परत करणारच होतो."

"कधी?" कॅशियरबाईंनी विचारलं. "पुढच्या महिन्यात?"

ताईने चटकन मान खाली घातली. बायकोच्याही ते लक्षात आलं आणि तिने फोन उचलून पोराच्या हातात दिला.

आमचा पोरगा मित्राकडे बघत दारात उभा होता. त्यानेच पोलिसांना फोन लावला. ताईने आता अडवलं नाही. पैशांतले बरेचसे त्याच्या खात्यात होते, ते पुढे परत मिळाले. त्या निम्म्या किमतीतच गाडी मुलीला द्यायची असं ताईने परस्पर ठरवून टाकलं. मी म्हटलं, "अगं, निम्म्यात?" तर म्हणाली, "तू गप्प बस. तुला काय कळतंय गाडीतलं?"

संध्याकाळी मी पोराच्या खोलीत गेलो. शर्ट शिवायला माप घेतो म्हणालो. त्याने हात पसरले. माप घेता घेता म्हणालो, "चुकलं माझं." तो म्हणाला, "खांदा नीट घ्या बाबा, मागच्या वेळी आखूड झाला होता."

७

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मुलगी चालवत होती, शेजारी ताई, मागे मी आणि बायको. सबंध वाटेत ताईने एकदाही "गिअर बदल" म्हटलं नाही. तिचा पाय मात्र शेजारच्या ब्रेकवर होता.

"काय बोलायचं ठरवलंयस?" मी विचारलं.

"ठरवून काय बोलायचं! तोंडाला येईल ते बोलेन."

पण ती ठरवत होती. ओठ हलत होते. मधेच म्हणाली, "ती तोंड फिरवून बसली तर?" मग म्हणाली, "जाड झाली असेल का गं? गोड फार खायची." मग तिने काच खाली केली, पुन्हा वर केली. "बावीस वर्षं," ती म्हणाली. "बारा वर्षं बरोबर होतो आणि बावीस नव्हतो. हिशेबच जुळत नाही." तिने काचेला डोकं टेकलं.

मला आठवलं, क्लच गेल्यावर कित्येक महिने ताई दोन कप काढायची आणि एक परत ठेवायची. मी तेव्हा तिला हसायचो. पस्तिशी ओलांडलेला गाढव होतो मी.

घर छोटं होतं, पुढे सिमेंटचं अंगण, भिंतीला टेकून दोन सायकली. मुलीने हॉर्न वाजवला नाही, हळूच गाडी लावली. दार उघडं होतं. आत खिडकीशी खुर्चीत एक बाई बसली होती. केस पांढरे, पायांवर शाल. जाड झाली नव्हती, उलट वाळली होती. पण कपाळावरची ती एक बट तशीच सुटलेली. मी लांबूनही ओळखलं.

ताई उंबऱ्यापर्यंत झपाझप गेली आणि तिथे थांबली. मी मागे जाणार होतो, बायकोने सदरा धरून ठेवला. आम्ही अंगणातच उभे राहिलो. दार कुणी लावलं नाही, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"आलीस," क्लचताई म्हणाली. तिने मान वळवली नाही. "मी गाडी मागवली होती."

"गाडी आणलीय."

"ठेव मग आणि जा."

ताई गेली नाही. तिला कुणी बस म्हणालं नाही, म्हणून उभीच राहिली. माझी बहीण. आईवडिलांपुढे कधी वाकली नाही, नवऱ्याशी पटलं नाही तर घर सोडून आली, जन्मात कुणाला सॉरी म्हणाली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"ब्रेकची पिन तुटलेली होती," ताई म्हणाली. "मिस्त्री मला वर्षभर सांगत होता. मी बदलली नाही. मला तीन महिन्यांनी कळलं आणि तरी मी तुला शोधून काढलं नाही. पत्रं परत आली ना, तेव्हा मला जरा सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे हे असं समोर उभं राहून बोलायला नको. एवढी हलकट आहे मी."

क्लचताईने पायांवरची शाल नीट केली.

"तू खोटं बोलली नव्हतीस," ताई म्हणाली. "तू ब्रेक दाबला होतास."

मुलगी आमच्या शेजारी डोळे पुसत उभी होती. मला वाटलं, आता ताई मागे वळणार आणि आम्ही आलो तसे परत जाणार.

मग क्लचताई म्हणाली, "पुन्हा म्हण."

"तू ब्रेक दाबला होतास."

"मोठ्याने. तेव्हा अंगणात सगळ्यांपुढे ओरडली होतीस ना, तशी."

ताईने मोठ्याने म्हटलं. एवढ्या मोठ्याने की समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. तिचा आवाज फाटला तरी ती थांबली नाही, एकेक शब्द सुटा करून म्हणत राहिली.

"अजून एकदा," क्लचताई म्हणाली. आता तीही रडत होती. "बावीस वर्षं मी हे एकटीच म्हणतेय गं. अजून एकदा म्हण."

ताई आत गेली आणि तिच्या खुर्चीशी खाली बसली.

"चल," बायको मला म्हणाली, "आता आपलं काही काम नाही." आम्ही फाटकापर्यंत आलो तरी ताईचा आवाज येतच होता.